हजेरी आजची आणि चार महिन्यांची

मुंबईचा गिरणी कामगार १९२८ साल लक्षात ठेवतो ते त्या वर्षीच्या प्रदीर्घ संपासाठी. त्याच साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली आणि गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांच्या पांडुरोगाचा शोध घेऊ लागली. या बायांच्या तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने वाजवीपेक्षा मोठ्या. यीस्टच्या स्वस्त अर्काने, मार्माइटने, त्या सुधारतात हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातले गुणकारी द्रव्य कोणते, हे पुढे उमगले. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळे काढले गेले, आणि पानावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव पडले.

औषध सापडले, पण उणीव रक्तात ओळखावी कशी? व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकन डॉक्टराने स्वतःच्या देहावर प्रयोग केला. तीन-तीनदा उकळून निःसत्त्व केलेले अन्न तो महिनोन्‌महिने खात राहिला. १९६२ साली त्याने निष्कर्ष मांडला: रक्तजलातले फोलेट तिसऱ्या आठवड्यातच घसरले, तांबड्या पेशींतले घसरायला चार महिने लागले, पांडुरोग त्यानंतर दिसला. कारण उघड आहे. पेशी अस्थिमज्जेत घडताना आपला वाटा घेते आणि सुमारे १२० दिवस तो बाळगते. रक्तजल म्हणजे आजची हजेरी. तांबडी पेशी म्हणजे चार महिन्यांचे मस्टर.

हा भेद आम्ही ठेच लागून शिकलो. आमच्या संघटनेने एकदा कामगार बायांची तपासणी करवली. आधीचा आठवडाभर गोळ्या वाटल्या गेल्या होत्या. रक्तजलाचे आकडे चांगले आले, 'उणीव नाही' असा शेरा पडला, आणि आहाराची मागणी आम्हीच मागे घेतली. आकडा खोटा नव्हता. प्रश्न चुकीचा विचारला होता.

रक्तजलाची तपासणी सोपी, म्हणून पहिल्या चाचपणीस ती चालते. पण गोळ्या नुकत्याच घेतल्या असतील, वा मूळची शिल्लक जाणायची असेल, तर पेशींतले फोलेट पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली, अर्भकाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यासाठी स्त्रियांच्या समूहांची पातळी ठरवताना, पेशींचेच माप धरले. मात्र जोडीला ब-१२ तपासलेच पाहिजे. त्याच्या अभावानेही पेशींतले फोलेट उतरते. आणि अशा वेळी नुसते फोलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, पण मज्जातंतू आतून झिजत राहतात.

मालकाने एका दिवसाची हजेरी दाखवली तर आपण अख्खे मस्टर मागतो. आपल्या बायांच्या रक्ताबाबतही तेच मागू या.