दस्तकापासून पारपत्रापर्यंत

इंद्रायणीच्या काठचे निघोजे हे एकेकाळी शेतीवर जगणारे गाव. आज चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील मोटारींच्या कारखान्यांनी त्याचे रूप पार पालटून टाकले आहे. पोटापाण्यासाठी येथे आलेल्या आपल्या काही कुटुंबांपैकी एकाच्या घरी काही वर्षांपूर्वी आशीर्वादाच्या निमित्ताने जाणे झाले. प्रार्थना आटोपल्यावर घरातील मुलाने दोन पुस्तिका पुढे ठेवल्या. एक कोरे करकरीत पारपत्र. दुसरे जुने, कोपरा कापलेले आणि 'रद्द' असा शिक्का उमटलेले. जुन्यात अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता आणि त्याची चार वर्षे अद्याप शिल्लक होती. "फादर, हा व्हिसा नव्यात चढवून मिळेल का? नाहीतर हे जुनं टाकूनच द्यायचं ना?" त्याने विचारले.

मी उत्तर देण्यापूर्वीच त्याची आई म्हणाली, "टाकायचं नाही. याच्या बाबांचं पहिलं पुस्तक असंच गेलं." तिचे पती आखाती देशात नोकरीला होते. नवे पारपत्र आले तेव्हा जुने नाताळच्या साफसफाईत रद्दीबरोबर गेले. पुढे ते वारले आणि त्यांच्या नोकरीच्या हिशेबासाठी पहिल्या सहा वर्षांचा पुरावा मागण्यात आला. त्या सहा वर्षांच्या येण्याजाण्याचे शिक्के त्या एका पुस्तिकेतच होते. माउलीच्या पदरात त्या वर्षांचे काहीच पडले नाही.

एका पुस्तिकेतील शिक्के दुसरीत का जात नाहीत, या साध्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात दडलेले आहे.

प्रवाशाला राजाचे पत्र लागते, ही कल्पना फार जुनी. यरुशलेमचा तट बांधण्यासाठी निघालेल्या नहेम्याने पारसाच्या राजाकडे नदीपलीकडील अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे मागितल्याचे पवित्र शास्त्रात नमूद आहे. आपल्याकडे पेशवाईत अशा पत्राला दस्तक म्हणत. बरोबर किती माणसे, किती जनावरे याचा उल्लेख करून, वाटेतील चौक्यांनी अडथळा करू नये अशी आज्ञा त्यात असे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी समुद्रावर हीच रीत कठोरपणे राबविली. त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना जवळ नसेल तर पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्याचे गलबत मालासकट जप्त होई. मात्र दस्तक काय किंवा कार्ताझ काय, जो तो देणाऱ्याच्याच सत्तेचा कागद होता. ज्याची चौकी, त्याचाच परवाना.

त्यानंतरचा बराच काळ सामान्य समुद्रप्रवासी कागदपत्रांच्या जाचातून मोकळा होता. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या. त्या काळी अशा प्रवाशांवर पारपत्राची सक्ती नव्हती. पहिल्या महायुद्धाने ही मोकळीक संपविली. हेरांच्या भयाने देशोदेशींच्या सीमा बंद झाल्या, पारपत्रावर छायाचित्र आले आणि युद्ध संपल्यावरही सक्ती उठली नाही. १९२० साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने बत्तीस पानांच्या पुस्तिकेचा नमुना सुचविला. त्याच वर्षी हिंदुस्थानात प्रवेशासाठी पारपत्र आवश्यक करणारा कायदा झाला.

या पुस्तिकेने एक नवाच प्रकार जन्माला घातला. दस्तकावर एकाच सत्तेची मोहोर असे. येथे मात्र एका राज्याच्या पुस्तिकेत दुसरे राज्य आपला शिक्का मारू लागले. आपल्या १९६७ च्या पारपत्र कायद्याप्रमाणे पारपत्र ही सदैव केंद्र सरकारचीच मालमत्ता असते. त्यातील व्हिसा मात्र परक्या सरकारने दिलेली अनुमती असते. अमेरिकेने दिलेली अनुमती पुण्याचा अधिकारी कोणत्या अधिकाराने नव्या पानावर उतरविणार? तो एवढेच करू शकतो की, जुने रद्द करून परत द्यावे आणि नव्याच्या शेवटच्या पानावर जुन्याचा क्रमांक नोंदवावा. त्या नोंदीने दोन्ही पुस्तिकांची गाठ बांधली जाते. जुन्यातील अमेरिकेचा व्हिसा मुदतीत असेल तर दोन्ही बरोबर घेऊन प्रवास करता येतो. व्हिसा सोलून नव्यावर चिकटविण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. त्याने तो बाद होतो.

हे पारपत्र नागरिकाच्या हक्काचे आहे, हेदेखील आपल्या देशात न्यायालयात झगडूनच ठरले. १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्यानंतर वरील कायदा करणे सरकारला भाग पडले. १९७७ साली मनेका गांधी यांचे पारपत्र कारण न सांगता अडकविण्यात आले. त्यावरील १९७८ च्या निकालाने, असा हक्क काढून घेणारी पद्धत न्याय्य व वाजवीच असली पाहिजे, असा दंडक घालून दिला.

प्रत्येक देशाने शिक्क्याचा प्रश्न आपापल्या परीने सोडविला. यरुशलेमच्या यात्रेस गेलेल्यांना हे ठाऊक असेल. इस्राएलचा शिक्का पाहून काही अरब राष्ट्रे प्रवेश नाकारीत. म्हणून २०१३ पासून इस्राएल पुस्तिकेत शिक्का न मारता सुटी चिठ्ठी देऊ लागले. जर्मनीने २०११ साली वास्तव्याचा परवाना पारपत्रातून काढून वेगळ्या पत्रिकेवर आणला. कुवेतने २०१९ साली आणि संयुक्त अरब अमिरातीने २०२२ साली पारपत्रातील वास्तव्याची चिकटपट्टी बंद केली. परवाना पुस्तिकेबाहेर गेला, तशी तो नव्या पुस्तिकेत हलविण्याची कटकटही कमी झाली.

आपला देशही यजमान आहेच. चाकणच्या कारखान्यांत कामास आलेल्या परदेशी तंत्रज्ञाचे पारपत्र येथे असताना नवे झाले, तर त्याला परकीय नागरिक नोंदणी कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. २०१८ पासून हे काम संगणकावरून होऊ लागले. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या बांधवांना 'ओसीआय' पत्रिकेबरोबर पारपत्रात आजीव व्हिसाची चिकटपट्टी मिळे. पारपत्र बदलले की आजोळी येतानाही जुने बरोबर बाळगावे लागे. २०२१ साली ही अट उठली. १९२० चा तो जुना कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून इतिहासजमा होऊन त्याच्या जागी नवा कायदा आला आहे. युरोपातील शेंगेन देशांनीही १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली.

म्हणजे शिक्काच आता निरोप घेतो आहे. सोय झाली हे खरे. परंतु शिक्का प्रवाशाच्या हाती राही; संगणकातील नोंद सरकारच्या हाती असते. विधवेला उद्या पुरावा हवा असेल, तर तो तिच्या पेटीत नसून परक्या देशाच्या यंत्रात असेल आणि तिला तो मागावा लागेल. म्हणून नोकरीचा करार, पगाराची चिठ्ठी, वास्तव्याच्या पत्रिकेची प्रत हे सारे त्या त्या वेळीच जपून ठेवण्याची सवय आपल्या घरांनी लावून घेतली पाहिजे.

निघोजेच्या त्या घरी पुढच्या खेपेस गेलो, तेव्हा दोन्ही पुस्तिका एका प्लास्टिकच्या पिशवीत, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांशेजारी ठेवलेल्या दिसल्या. त्यांच्या खाली बाबांची नंतरची दोन पारपत्रे होती. पहिल्याची जागा अर्थातच रिकामी होती.