पावसाळ्यातील ‘उन्हाळी’ विद्यावेतन

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग सुरत जिल्ह्यातील पलसाण्यावरून जातो. कापड रंगविण्याच्या आणि छापण्याच्या गिरण्यांचा हा तालुका. पोटासाठी खानदेशातून सुरतेच्या परिसरात आलेल्या अनेक मराठी कुटुंबांत महाविद्यालयाची सुट्टी म्हणजे विश्रांती नव्हे. हाताशी आलेल्या मुलाने त्या दिवसांत चार पैसे घरी आणावेत, अशी साहजिक अपेक्षा असते. अशा घरातील मुलाने संगणकाची आज्ञावली लिहावी आणि ती जगाला फुकट द्यावी, हे ऐकणाऱ्यास विचित्रच वाटेल.

मुक्त आज्ञावलीच्या चळवळीपुढे हा प्रश्न आरंभापासून होता. मात्र तो फारसा कोणी उच्चारला नाही. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ची घोषणा केली. आज्ञावली कोणालाही वापरता, तपासता, सुधारता आणि वाटता यावी, हा त्यांचा आग्रह होता. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने ‘लिनक्स’ जगापुढे ठेवले. देशोदेशीच्या तरुणांनी या कामाला हात लावला तो बहुधा फावल्या वेळात. आणि फावला वेळ ही चीज सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही.

२००५ साली गूगल कंपनीने ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम सुरू केला. त्याचे नाव अमेरिकेतील १९६७ च्या ‘समर ऑफ लव्ह’ची आठवण करून देणारे होते. सुट्टीत विद्यार्थ्याने एखाद्या मुक्त प्रकल्पासाठी अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली आज्ञावली लिहावी, मध्ये व शेवटी तिची परीक्षा व्हावी, आणि उत्तीर्ण होणाऱ्यास ४,५०० डॉलर मिळावेत, अशी ती योजना होती. पैसे कंपनीने द्यायचे. काम मात्र प्रकल्पाचे, म्हणजेच सर्वांचे. पहिल्या वर्षी २०० जागा ठरल्या होत्या. ८,७०० हून अधिक अर्ज आले, तेव्हा त्या दुपटीहून अधिक वाढवाव्या लागल्या. २०२४ पर्यंत २०,००० हून अधिक जण या वाटेने गेले, आणि त्यांत भारतीय विद्यार्थ्यांचा भरणा मोठा आहे.

पैशाने सेवाभाव नासतो, असा आक्षेप मुक्त आज्ञावलीच्या गोटातून येतच असे. २००६ मध्ये ‘डेबियन’ प्रकल्पात काही कार्यकर्त्यांना वेतन देण्याचा बेत निघताच मोठा वाद माजला. महाराष्ट्राला असा वाद फारसा रुचू नये. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजविली, तेव्हा श्रमाचा मोबदला घेतल्याने विद्या उणावते असे त्यांना वाटले नाही.

मुंबईच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या साहाय्याने ‘फॉसी’ हा प्रकल्प चालतो. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांचे नाव त्याच्याशी निगडित आहे. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे ‘सायलॅब’सारख्या मुक्त साधनात उतरवून देणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याने मानधन दिले आणि उन्हाळी शिष्यवृत्तीही चालविली. महागड्या परवान्यांवाचून अडणाऱ्या लहान गावच्या महाविद्यालयाला या कामाचे मोल अधिक.

गूगलच्या योजनेत २०१७ पासून विद्यावेतन त्या त्या देशातील क्रयशक्तीनुसार ठरू लागले. त्यापूर्वी सर्वांना एकच रक्कम मिळे. आता सारख्याच कामासाठी भारतीय विद्यार्थ्याच्या हाती अमेरिकन विद्यार्थ्यापेक्षा कमी डॉलर पडू लागले. त्याहून मोठी अडचण उंबरठ्याची. निवड व्हावी म्हणून पुष्कळ विद्यार्थी आधीचे काही महिने प्रकल्पातील बारीकसारीक दोष विनामोबदला दुरुस्त करीत बसतात, आणि तेवढी उसंत गिरणीतील पगारावर चालणाऱ्या घराला परवडेलच असे नाही.

शिवाय ‘समर’ हा उत्तरेकडील थंड देशांचा! पलसाण्यात त्या दिवसांत पाऊस कोसळत असतो आणि महाविद्यालये भरलेली असतात. २०२१ मध्ये कामाचे तास १७५ वर आणले गेले. २०२२ मध्ये ३५० तासांचा पर्याय पुन्हा मिळाला, विद्यार्थी असण्याची अट गेली आणि मुदत २२ आठवड्यांपर्यंत लांबविण्याची मुभा आली. जूनमध्ये हाती घेतलेले काम आता दिवाळी उलटेपर्यंत, रात्रीच्या दोन-दोन तासांत, पुरे करता येते.