आडनावातले कूळ, दप्तर आणि गाव

पैठणात राहणाऱ्याला पैठणकर म्हणून काही उपयोग नाही. तिथे सगळेच पैठणचे. तोच माणूस पुण्याला किंवा हैदराबादला गेला की गाव त्याच्या नावाला चिकटते. म्हणून आडनावाचा अभ्यास अर्थापासून सुरू करू नये; हे नाव कोणाला आणि कशासाठी लागले, ते आधी विचारावे. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही.

भोसले, जाधव, मोरे ही नावे कुळाची. सोयरीक जुळवताना ती लागत. वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती, तरी मालोजीराजे भोसलेच राहिले. सिंदखेडचे जाधव देवगिरीच्या यादवांशी नाते सांगत. ‘यादव’चे ‘जाधव’ होणे भाषेच्या नियमात बसते. पण तेवढ्यावरून प्रत्येक जाधव देवगिरीच्या गादीचा वारस ठरत नाही.

मराठवाड्यावर खरा ठसा आहे तो दप्तराचा. परगण्यात देशमुख वसूल पाही आणि देशपांडे हिशेब. गावात तीच जोडी पाटील-कुलकर्ण्यांची. मोगली कागदांत देशपांड्याला कानूनगो म्हणत, त्यावरून कानगो. म्हणजे देशपांडे आणि कानगो ही एकाच हुद्द्याची दोन नावे, फक्त दप्तराची भाषा वेगळी. फडणीस, चिटणीस, सबनीस यांतला ‘नीस’ही फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. (प्रत्येक आडनावात संस्कृत धातू शोधणाऱ्यांनी इथे जरा दम घ्यावा.) निजामी राज्यात तर पाटीलही दोन: महसूल गोळा करणारा माली पाटील आणि बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील. ‘माल’ म्हणजे महसूल हे माहीत नसलेला माणूस मालीपाटील आडनाव ऐकून बागेकडे वळतो, ते यामुळेच.

हुद्दा गेला तरी नाव जात नाही. हैदराबादचा दिवाण पहिला सालारजंग याने 1865 च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत विभागणी, करून वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे सोपवली. देशमुखांचे काम संपले, रुसूम, म्हणजे वतनी हक्काची रक्कम, आणि नाव तेवढे उरले. अशी नावे सर्वांना कायमची चिकटली कशी? तुर्कस्तानात 1934 च्या कायद्याने सर्वांना आडनाव घ्यायला लावले. आपल्याकडे तसा हुकूम निघाला नाही, पण शाळा आणि कचेरीच्या रजिस्टरांनी हळूहळू तेच केले.

ग्रामनामे मराठी माणसापुरतीच नाहीत. छत्रपती संभाजीनगरातल्या खंडेलवाल जैनांचे कासलीवाल हे राजस्थानातल्या कासली गावावरून. ‘वाल’ तिथे आपल्या ‘कर’चेच काम करतो. नांदेडकडे सरकले की येरावार, चिद्रावार भेटतात. तो ‘वार’ तेलुगूचा शेजार. पण प्रत्येक ‘वाला’ गावाचा नसतो: पैठणला संत एकनाथांच्या वंशजांत पालखीवाले आहेत, ते नाथांच्या पादुका पंढरपूरला नेण्याच्या मानामुळे.

‘कर’ गाव सांगतो, जात सांगत नाही. वंशावळ शोधणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते, पण नाव धारण करणाऱ्याची सोय होते. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे, गाव आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी नाव नोंदले गेले ते आंबेडकर. 

उलट नावातले गावच बदलले तर? औरंगाबादचे नाव 2023 साली छत्रपती संभाजीनगर झाले; औरंगाबादकरांना मात्र आपले बदलायचे असेल, तर राजपत्रात नोंद करावी लागेल.