कृष्णविवराचा वेध दोन तरंगलांबींवर

गरुड तारकासमूहातील ‘जीआरएस १९१५+१०५’ हा क्ष-किरण जोडतारा १९९२ मध्ये ‘ग्रॅनाट’ उपग्रहाला आढळला. सूर्याच्या सुमारे १२ पट वस्तुमानाचे कृष्णविवर आणि त्याचा सहचर तारा सुमारे ३४ दिवसांत एकमेकांभोवती प्रदक्षिणा पूर्ण करतात. सहचराकडून ओढलेला वायू तबकडीसारखा फिरत तापतो आणि क्ष-किरण उत्सर्जित करतो. कृष्णविवराजवळून वेगाने निघणारे द्रव्याचे झोत मात्र रेडिओलहरींत दिसतात. वातावरण क्ष-किरण शोषून घेत असल्याने त्यांचे निरीक्षण उपग्रहांवरून, तर रेडिओलहरींचे जमिनीवरून होते.

१९९४ मध्ये मिराबेल व रॉड्रिगेझ यांना अमेरिकेतील ‘व्हीएलए’ दुर्बिणीतून हे झोत प्रकाशापेक्षा वेगाने सरकताना भासले. झोत अंशतः पृथ्वीच्या दिशेने येत असल्याने हा आभास होतो. त्यांचा खरा वेग प्रकाशाहून कमीच असतो. १९९७ मधील एकत्रित निरीक्षणांत क्ष-किरणांच्या घसरणीनंतर काही मिनिटांतच रेडिओ भडका दिसला. तबकडी आणि झोत यांचा संबंध त्यातून स्पष्ट झाला.

२०१८ मध्ये क्ष-किरण बरेच मंदावले. पुढे रेडिओ भडके मात्र दिसत राहिले. केवळ क्ष-किरणांवर विसंबल्यास हा स्रोत शांत झाल्याचा चुकीचा निष्कर्ष निघाला असता.