अकराव्या वर्षाची चाळणी

चौथी किंवा सातवी संपली की आपल्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते. आता पोराला कुठे घालायचे? उर्दू हायस्कूल, गावचे मराठी हायस्कूल, की तालुक्याच्या गावातले इंग्रजी माध्यम? मुलगी असेल तर प्रश्न आणखी वाढतात. फक्त मुलींची शाळा आहे का, आणि ती किती लांब आहे? ही निवड आपण घरची बाब समजतो. प्रत्यक्षात आपल्यापुढे कोणत्या शाळा निवडीला आहेत हे आपल्या आधीच्या लोकांनी ठरवलेले असते, आणि शंभर घरांच्या निवडी मिळून पुढच्या पिढीच्या शाळा ठरतात. हे ज्या देशात फार उघडपणे घडले तो देश म्हणजे इंग्लंड. तिथल्या 'काँप्रिहेन्सिव्ह' शाळेचा, म्हणजे सर्वांना सामावून घेणाऱ्या मोठ्या माध्यमिक शाळेचा इतिहास आपण समजून घ्यावा असा आहे. त्या इतिहासात पाकिस्तान, बांगलादेश आणि भारतातून गेलेली मुस्लिम कुटुंबेही आहेत. आपल्या कोकणातली काही घरे त्यांत आहेत.

दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १९४४ साली, आर. ए. बटलर या शिक्षणमंत्र्यांनी एक मोठा कायदा केला. माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले. तोवर गरिबाचे मूल प्राथमिक शाळेतूनच कामाला लागत असे, त्यामुळे हे पाऊल क्रांतिकारकच होते. पण अंमलबजावणीत मेख होती. मुलांची बुद्धी तीन प्रकारची असते असे त्या काळच्या तज्ज्ञांनी मानले होते. त्याप्रमाणे शाळाही तीन प्रकारच्या ठरल्या. हुशारांसाठी 'ग्रामर', कारागिरीकडे कल असणाऱ्यांसाठी तांत्रिक आणि उरलेल्यांसाठी 'सेकंडरी मॉडर्न'. तांत्रिक शाळा फारशा निघाल्याच नाहीत. उरल्या दोन, आणि कोण कुठे जाणार हे वयाच्या अकराव्या वर्षी एका परीक्षेने ठरू लागले. गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापन चाचणी, एवढ्यावर आयुष्याची वाट ठरे. साधारण चार-पाच मुलांतले एक ग्रामरला जाई. बाकीच्यांची शाळा नावाने 'मॉडर्न' होती, पण तिथली बहुतेक मुले पंधराव्या वर्षी कोणतेही प्रमाणपत्र न घेता बाहेर पडत.

या चाळणीचे गणितही सरळ नव्हते. ग्रामरच्या जागा जिल्ह्याजिल्ह्यात कमीजास्त होत्या. म्हणजे तेच गुण मिळवणारे मूल एका गावी पास आणि दुसऱ्या गावी नापास. मुलींचे नुकसान तर ठरवून झाले. अकराव्या वर्षी मुली मुलांपेक्षा सरस ठरत, म्हणून अनेक ठिकाणी मुलामुलींच्या याद्या वेगळ्या केल्या गेल्या, आणि जास्त गुण मिळवूनही मुलींना जागा नाकारली गेली. ज्या बुद्धिमापनावर हे सारे उभे होते त्याचे मोठे समर्थक सिरिल बर्ट. त्यांच्या मृत्यूनंतर, १९७० च्या दशकात, त्यांच्या आकड्यांवरच गंभीर संशय घेतला गेला. तोवर एक अख्खी पिढी चाळून झाली होती.

या चाळणीला उत्तर म्हणून काँप्रिहेन्सिव्ह शाळा पुढे आली. परिसरातली सर्व मुले, कोणतीही प्रवेश परीक्षा न घेता, एकाच शाळेत. वेल्समधल्या अँगलसी बेटाने १९४९ पासून ही वाट धरली. लंडनमध्ये १९५४ साली किडब्रुक येथे सुमारे दोन हजार मुलींसाठी अशी नवी शाळा उभी राहिली. शेजारची मुलींची ग्रामर शाळा तिच्यात विलीन करायची होती, पण पालकांनी विरोध केला आणि सरकारने ते विलीनीकरण अडवले.

या शाळा इतक्या मोठ्या का बांधल्या, हा प्रश्न आजही पालक विचारतात. त्यामागे साधा हिशेब होता. तेव्हा अठराव्या वर्षापर्यंत शिकणारी मुले थोडी असत. शाळा लहान असेल तर वरच्या वर्गात भौतिकशास्त्राला चार आणि फ्रेंचला तीन विद्यार्थी उरणार, मग शिक्षक कसा परवडणार? दोन हजारांच्या शाळेत मात्र प्रयोगशाळा, सुतारकाम, धातुकाम, संगीत, परकीय भाषा हे सारे एका छपराखाली ठेवता येते. एवढ्या गर्दीत मूल हरवू नये म्हणून शाळेचे 'हाउस' पाडले गेले आणि प्रत्येक छोट्या गटाला एक शिक्षक नेमला गेला. ही व्यवस्था जिथे मनापासून चालली तिथे मोठी शाळाही मुलांना आपली वाटली. जिथे ती कागदावर राहिली तिथे पालकांची भीती खरी ठरली.

१९६५ साली मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी परिपत्रक काढून स्थानिक मंडळांना काँप्रिहेन्सिव्ह पद्धतीचे आराखडे करण्याची विनंती केली. आज्ञा नव्हती, विनंती होती. तरी बदल वेगाने झाला. आपले मूल 'नापास'च्या शाळेत गेलेले पाहिलेल्या मध्यमवर्गीय पालकांचाही त्याला पाठिंबा होता. १९७० साली मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री झाल्या. त्यांनी ते परिपत्रक मागे घेतले, पण त्यांच्याच चार वर्षांत काँप्रिहेन्सिव्हमधील मुलांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशावरून साठ टक्क्यांच्या पुढे गेले. लोकांनी एकदा ठरवले की मंत्र्याचा विरोधही पुरा पडत नाही.

त्याच १९६५ साली दुसरेही एक परिपत्रक निघाले, आणि ते आपल्या लोकांविषयी होते. कोणत्याही शाळेत स्थलांतरितांची मुले एकतृतीयांशापेक्षा जास्त नसावीत, असे त्यात सुचवले होते. ब्रॅडफर्ड, साउथॉल येथे आशियाई मुलांना बसमध्ये घालून लांबच्या शाळांत पाठवले जाऊ लागले. बस एकाच दिशेने जाई. गोऱ्यांची मुले मोहल्ल्यातल्या शाळेत कुणी आणली नाहीत. 'सर्वांची शाळा' म्हणताना त्या 'सर्वां'त आपण मोजणीपुरते होतो. ही पद्धत १९८० च्या सुमारास बंद पडली.

मुस्लिम पालकांची दुसरी अडचण मुलींची होती. शाळा एकत्र करताना मुलींच्या अनेक शाळा सहशिक्षणाच्या झाल्या. ज्या बापाला मुलगी शिकवायची होती, पण मुलींच्याच शाळेत, त्याच्यापुढचा पर्याय गेला. काहींनी मुलींना घरी बसवले, काहींनी स्वतःच्या शाळा काढल्या. युसुफ इस्लाम यांनी १९८३ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या इस्लामिया प्राथमिक शाळेला सरकारी अनुदान मिळायला १९९८ साल उजाडले. ख्रिस्ती आणि ज्यू शाळांना ते कितीतरी आधीपासून मिळत होते. ब्रॅडफर्डचे फीव्हरशॅम कॉलेज २००१ साली मुलींची पहिली अनुदानित मुस्लिम माध्यमिक शाळा ठरले.

दरम्यान 'निवड' हा शब्द कायद्यात शिरला होता. १९८० च्या कायद्याने पालकांना पसंती कळवण्याचा हक्क दिला, १९८८ च्या कायद्याने विद्यार्थ्यामागे पैसा जाऊ लागला आणि १९९२ पासून शाळांच्या निकालांचे तक्ते छापले जाऊ लागले. परीक्षेची चाळणी बहुतेक ठिकाणी गेली होती, आता घराच्या किमतीची आली. चांगल्या शाळेच्या परिसरात घर घेणे ज्याला परवडे त्याला निवड होती. बाकीच्यांना पसंतीचा अर्ज होता. गोरी कुटुंबे आशियाई वस्तीच्या शाळांतून मुले काढू लागली. २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्ड येथे दंगली झाल्या, आणि चौकशीसाठी नेमलेल्या टेड कँटल यांच्या समितीने लिहिले की हे समाज समांतर आयुष्ये जगत आहेत. त्या समांतर रेषा शाळेच्या फाटकापासूनच सुरू होत होत्या.

पण कहाणी इथे संपत नाही. पूर्व लंडनचा टॉवर हॅम्लेट्स हा बांगलादेशी मजुरांचा गरीब भाग. १९९७ साली शालेय निकालांत तो देशाच्या यादीत तळाला होता. पुढच्या पंधरा वर्षांत तो राष्ट्रीय सरासरीच्या वर गेला. मुले बदलली नाहीत, गरिबी गेली नाही, प्रवेश परीक्षाही आली नाही. चांगले शिक्षक आणले आणि टिकवले, पैसा घातला, घरी आणि मशिदीत जाऊन हजेरीविषयी बोलणी केली. तिथली मलबेरी ही मुलींची शाळा आहे आणि ती काँप्रिहेन्सिव्हही आहे. तिथे बांगलादेशी वंशाच्या मुली मोठ्या संख्येने शिकल्या आणि विद्यापीठांत गेल्या. मुलींची वेगळी शाळा हवी म्हणजे चाळणीची शाळा हवी असे नाही, हे इथे दिसते.

आपल्या देशातही हा विचार झाला होता. मुदलियार आयोगाने १९५३ साली बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. १९६६ च्या कोठारी आयोगाने परिसरातल्या सर्व मुलांसाठी समान शाळा मागितली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. समान शाळा कागदावर राहिली. त्याच कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगला बळ दिले होते. मुले राहायला समाजाच्या वसतिगृहात आणि शिकायला सर्वांच्या शाळेत, हा त्यांचा मार्ग. ओळखही राहिली आणि बाकही एक राहिला.

आपल्यावर आरोप होतो की मुसलमान मुलांना मदरशातच घालतात. सच्चर समितीने २००६ साली दाखवले की मदरशात जाणारी मुस्लिम मुले चारेक टक्केच आहेत. म्हणजे बाकीचे पालक शाळाच शोधत असतात. शोधताना आपण निकालाची टक्केवारी विचारतो, माध्यम विचारतो, फी विचारतो. इंग्लंडच्या अनुभवावरून आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात. या शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाचे काय होते? आणि आपण ही शाळा सोडली तर मागे कोण उरते? ज्या शाळेत शिकलेले, बोलू शकणारे पालक उरत नाहीत, तिथे गळक्या छपराची आणि रिकाम्या शिक्षकपदाची तक्रार कोण करणार? मोहल्ल्यातली शाळा उर्दू असो वा मराठी, तिच्या बैठकीला जाणे, हजेरीवही मागणे, विज्ञानाचा शिक्षक आहे का हे पाहणे एवढे तर आपल्या हातात आहे. टॉवर हॅम्लेट्समध्येही सुरुवात घरी आणि मशिदीत जाऊन हजेरीचे बोलण्यापासून झाली होती.