सोडून दिल्यावर हाती लागणारा समुद्र

वर्ष 1957. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यापासून दूर, अटलांटिक महासागरात ‘डिस्कव्हरी 2’ या ब्रिटिश संशोधन जहाजावर तुम्ही उभे आहात. यंत्रांची घरघर मुद्दाम थांबवलेली आहे, कारण आता ऐकायचं आहे. जहाजावरून पाण्यातले आवाज टिपणारे दोन हायड्रोफोन सोडलेत, एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर. खोलीतल्या छोट्या पडद्यावर हिरवी रेघ थरथरते आणि तिच्यावर एक टोक उमटतं, मग दुसरं. खाली अडीच किलोमीटरांवर कुणीतरी ठरावीक वेळाने आवाज देतं आहे.

हे ‘कुणीतरी’ म्हणजे अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा एक फ्लोट. पडद्यावर डोळे लावून बसलेले समुद्रशास्त्रज्ञ जॉन स्वॅलो यांनी तो स्वतः घडवला आहे. इमारतीच्या परांचीला वापरतात तसल्या नळ्या घेतल्या, कॉस्टिक सोड्यात बुडवून त्यांच्या भिंती पातळ केल्या, आत बॅटरी आणि आवाज करणारं यंत्र बसवलं. खोल जाताना समुद्राचं पाणी दाबाने किंचित आकसतं आणि जड होतं. नळी त्याहून कमी आकसते. त्यामुळे कुठल्यातरी एका खोलीवर दोघांची घनता जुळते आणि फ्लोट तिथेच थांबतो. लोणच्यासाठी मीठ विरघळवलेल्या पाण्यात अंडं अधांतरी राहावं, तसा. वजनात एका ग्रॅमची चूक झाली, तरी थांबण्याची खोली बदलते.

दोन हायड्रोफोनवर आवाज पोचण्यातला फरक तुम्ही मोजता. त्यावरून दिशा कळते. मग जहाज हलवायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा ऐकायचं. एका फ्लोटची एक जागा ठरवायला असा खटाटोप. दिवसरात्र पाळ्या लावून नकाशावर ठिपके मांडले जातात आणि हळूहळू एक गोष्ट स्पष्ट होते. वर गल्फ स्ट्रीमचा प्रवाह ईशान्येकडे धावतो आहे आणि खालचे फ्लोट दक्षिणेकडे सरकत आहेत. खोल पाण्यात असा उलटा प्रवाह असणार, हे समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टोमेल यांनी गणिताने आधीच सांगितलं होतं. आज समुद्र त्याला दुजोरा देतो आहे.

फ्लोट वर काढला जाणार नाही. बॅटरी संपली की तो गप्प होईल आणि खालीच राहील. त्याच्याकडून परत मिळवायचे ते एवढे ठिपकेच, आणि सध्या ते पुरेसे आहेत.

आता तीन वर्षं पुढे या. 1960, बर्म्युडा बेटांचा परिसर. या वेळी पायाखाली ‘एरीज’ नावाची लहानशी शिडाची नौका आहे आणि ती सतत डोलते आहे. बेत साधा आहे. या भागातलं खोल पाणी अगदी संथ असणार, म्हणून फ्लोट सोडायचे, बंदरात परतायचं आणि काही दिवसांनी येऊन ते कुठवर सरकले ते पाहायचं. तुम्ही परत येता, हायड्रोफोन सोडता आणि काहीच ऐकू येत नाही. फ्लोट आवाजाच्या टप्प्याबाहेर निघून गेलेत. जे सापडतात तेही अपेक्षेच्या कितीतरी पट वेगाने धावत आहेत. शिवाय काही किलोमीटरांवरचे दोन शेजारी दोन वेगळ्या दिशांना निघालेत.

या हरवण्यातूनच कळतं की खोल समुद्र संथ नाही. तिथे शेकडो किलोमीटर रुंदीचे भोवरे फिरतात, जमिनीवरच्या हवामानासारखंच समुद्राच्या पोटातही हवामान असतं. आणि हवामान एका नौकेवरून कळत नसतं. त्यासाठी सगळीकडे, एकाच वेळी, कायम कुणीतरी हजर असावं लागतं.

1989 मध्ये क्षणभर थांबा. स्टोमेल एक लेख लिहीत आहेत आणि त्यात स्वतः कालप्रवास करत आहेत. लेखातलं वर्ष आहे 2021. तेव्हाच्या एका शास्त्रज्ञाच्या तोंडून ते सांगतात की माणसाशिवाय चालणारी लहान वाहनं जगभरच्या समुद्रांत पोहत आहेत आणि वर येऊन उपग्रहांमार्फत माहिती पाठवत आहेत. एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकम यांचं नाव त्यांनी या वाहनांना दिलंय. स्टोमेल 1992 मध्ये गेले. 1999 मध्ये जगभरच्या समुद्रांत फ्लोट पसरवून मोजमाप करणाऱ्या ‘आर्गो’ योजनेचे पहिले फ्लोट समुद्रात उतरले आणि नोव्हेंबर 2007 मध्ये त्यांची संख्या 3,000 झाली.

आता आपल्या पाण्यात या. 2000 च्या दशकाची सुरुवात, बंगालचा उपसागर, जहाज ‘सागर कन्या’. डेकवर उकाडा आहे, हातमोज्यांत बोटं घामेजली आहेत. समोर आडवा ठेवलेला आर्गो फ्लोट पंचवीस किलोंच्या आसपासचा, डोक्यावर अँटेना. चुंबक फिरवून त्याला जागं केलं आहे. संवेदकावरची झाकणं काढली का, हे दोघांनी वेगवेगळं तपासायचं असतं. झाकण राहिलं, तर पुढची कित्येक वर्षं क्षारतेचा एकही आकडा मिळणार नाही.

“दोराची दोन्ही टोकं हातात ठेवा,” शेजारचे तंत्रज्ञ सांगतात. “घाई नको. पाण्याला टेकला की एक टोक सोडा, दोर आपोआप निसटेल.”

जहाज अगदी हळू पुढे सरकतं आहे. तुम्ही मागच्या बाजूने फ्लोट खाली सोडता. दोर निसटतो, अँटेना लाटेवर दोनदा हलते, मग दिसेनाशी होते. तुम्ही मात्र तिथेच खिळून राहता. लाखो रुपयांचं यंत्र पाण्यात टाकायचं आणि पाठ फिरवायची, हे हातांना पटत नाही.

तो 1,000 मीटरांवर जाऊन प्रवाहाबरोबर वाहील. दर दहा दिवसांनी 2,000 मीटरांपर्यंत उतरेल, जिथे दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट असतो. तिथे त्याचा पंप आतलं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलेल. वजन तेच, पण आकारमान वाढलं, म्हणून तो वर निघेल. वर येताना तापमान आणि क्षारता नोंदवेल, पृष्ठभागावर उपग्रहाशी बोलेल आणि पुन्हा बुडी मारेल. हे चक्र बहुधा चार-पाच वर्षं चालेल.

या उपसागरात त्याच्यापुढे एक खास अडचण आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि इरावतीचं गोडं पाणी इथे वरच्या थरात पसरतं. ते हलकं असतं, त्यामुळे शेवटचे काही मीटर चढायला फ्लोटला जास्त जोर लागतो. त्याच थराखाली उष्णता कोंडून राहते आणि ती चक्रीवादळांना बळ देते, मान्सूनवरही परिणाम करते. मराठवाड्यातला शेतकरी आभाळाकडे पाहतो, तेव्हा त्याच्या पावसाच्या हिशेबात या पाण्याचाही वाटा असतो. फ्लोटचे आकडे हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्रविषयक माहितीच्या संस्थेत पोचतात आणि साधारण एका दिवसात जगात कुणालाही विनामूल्य खुले होतात.

मग 4 डिसेंबर 2009. स्पेनच्या किनाऱ्याबाहेर ‘इन्व्हेस्टिगादोर’ जहाजावर तुम्ही कठड्याला रेलून पाणी न्याहाळता आहात. स्टोमेल यांनी कल्पिलेलं वाहन आता प्रत्यक्ष येतं आहे: अमेरिकेच्या रटगर्स विद्यापीठाचं पिवळं ग्लायडर ‘स्कार्लेट नाइट’. त्याला पंखा नाही. थोडं पाणी पोटात घेऊन ते बुडतं, बाहेर टाकून चढतं, आणि बाजूचे आखूड पंख या चढउताराला पुढची गती देतात. एप्रिलमध्ये न्यू जर्सीहून निघून 221 दिवसांत त्याने सुमारे 7,400 किलोमीटर पार केलेत. आदल्या वर्षी त्याच्यासारखंच एक ग्लायडर अझोर्स बेटांच्या बाजूला कायमचं गप्प झालं होतं. म्हणून लाटांमध्ये पिवळा ठिपका दिसतो तेव्हा डेकवर आनंदाचा कल्लोळ होतो. त्याला बायोना बंदरात नेतात. कोलंबसच्या ताफ्यातलं ‘पिंटा’ जहाज 1493 मध्ये अमेरिकेची बातमी घेऊन याच बंदरात आलं होतं.

आणि आज. समुद्रात सुमारे 4,000 आर्गो फ्लोट आहेत. बहुतेक अजूनही परत आणले जात नाहीत, कारण एका फ्लोटसाठी जहाज पाठवण्याचा खर्च फ्लोटहून जास्त होऊ शकतो. तरी वाटेत जहाज असेल तिथे आता ते उचलले जातात. म्हाताऱ्या फ्लोटला पृष्ठभागावर थांबायची आज्ञा उपग्रहाकरवी दिली जाते, तो आपला ठावठिकाणा पाठवत राहतो. जवळ गेल्यावरही पाण्यावर जेमतेम अँटेना दिसते. ती धरून ओढायचं नसतं, संवेदकालाही हात लावायचा नसतो. लांब काठीने दोराचा फास धडाभोवती सरकवायचा आणि जहाज हेलकावत असताना तो अलगद वर घ्यायचा.

ही मेहनत कशासाठी, हे फ्लोट हातात घेतल्यावर कळतं. काही संवेदक वर्षं उलटली की क्षारता खऱ्याहून जास्त दाखवू लागतात. परत आलेलं यंत्र प्रयोगशाळेत तपासलं की दोष नेमका कुठे आहे ते शोधता येतं आणि न परतलेल्या भावंडांचे आकडेही सुधारता येतात. शिवाय समुद्रात टाकलेल्या धातूची आणि बॅटरीची जबाबदारी टाकणाऱ्यावर असते, ही जाणीवही या कामात आहे.

पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेतली 90 टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. ती किती आणि कुठे, हे आपल्याला मुख्यतः या फ्लोटमुळे कळतं. जाळं टिकवायला दर वर्षी सुमारे 800 नवे फ्लोट सोडावे लागतात. कुठल्याही देशाने एखादं वर्ष हात आखडता घेतला, तर नकाशात पडलेलं भोक नंतर कितीही पैसे ओतून भरता येत नाही, कारण त्या वर्षीचं पाणी पुन्हा मोजता येत नाही. म्हणून तुम्ही नागरिक म्हणून एवढं मागा: आपल्या वाट्याचे फ्लोट दर वर्षी पाण्यात उतरले पाहिजेत, आणि उचलता येतील तेवढे परत आले पाहिजेत.