गादीचे फोटो

मणक्यांमधली गादी सरकली की पायाकडे जाणारी नस दबते, हे आज कट्ट्यावर बसलेला कुणीही सांगेल. शंभर वर्षांपूर्वी ते सर्जनलाही ठाऊक नव्हतं. नसेजवळ कूर्चेसारखा तुकडा सापडला की ती गाठ, असंच धरलं जाई.

साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, गादी नाही. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या सिकार आणि फॉरेस्टिए यांनी तोड काढली: लिपिओडॉल, म्हणजे आयोडीनयुक्त खसखशीचं तेल. कण्याच्या पोकळीत ते टोचायचं आणि रुग्णाला कलत्या टेबलावर घेऊन एक्स-रे पाहायचा. जड तेल घरंगळत जाई. जिथे अडे, तिथे दुखणं. काम झाल्यावर तेल सगळं बाहेर निघत नसे आणि कधीकधी आत दाह होई. फोटोची किंमत रुग्णच मोजत होता.

पुढे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी जपून ठेवलेल्या जुन्या ‘गाठी’ पुन्हा तपासल्या. त्यांतले कित्येक निव्वळ गादीचे तुकडे निघाले! १९३४ साली त्यांचा लेख आला आणि तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रियांना ऊत आला. न कापता त्या तुकड्याचं काय होतं, हे बघणार कसं? बरं वाटणाऱ्या माणसाला पुन्हा सुई कोण टोचणार?

ती अडचण सीटी स्कॅनने दूर केली. १९८५ साली टेप्लिक आणि हॅस्किन यांनी शस्त्रक्रिया न झालेल्या ११ रुग्णांचे आधीचे-नंतरचे स्कॅन मांडले. तुकडे लहान झाले होते, काही दिसेनासेच झाले होते. पुढे एमआरआयनेही तेच दाखवलं. गादीच्या गाभ्याला रक्तपुरवठा नसतो. तो बाहेर पडला की शरीर त्याला परका समजतं. भोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात, मॅक्रोफेज पेशी येतात आणि त्याला फस्त करतात. म्हणूनच पूर्ण तुटून पडलेला, रिपोर्टात भयंकर वाटणारा तुकडा नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा जास्त वेळा विरतो.

१९९४ साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून अधिकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. तेव्हा फिल्मवरचा डाग बघून ऑपरेशनची तारीख घेऊ नये. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.